रुळावरचा माणूस आणि रेल्वेची सुरक्षा



१० फेब्रुवारी २०२३ हा दिवस अनेक नाशिककरांच्या स्मरणात असेल. त्या दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर हिरवा झेंडा दाखविला आणि साईनगर शिर्डीला जाणारी वंदे भारत गाडी नाशिक रोडमार्गे प्रथम धावली. कसाऱ्याहून इगतपुरीकडे येताना गाडी मागून रेटण्यासाठी बँकर इंजिने जोडावी लागतात, हा या मार्गावरचा जुना रिवाज. ही गाडी बँकरवाचून घाट चढून आली. चेन्नईच्या कारखान्यात भारतीय अभियंत्यांनी सिद्ध केलेली गाडी सह्याद्रीचा चढ स्वबळावर पार करते, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक होते, आणि तो वाटायलाच हवा.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, १३ फेब्रुवारीच्या पहाटे पावणेसहाच्या सुमारास, याच लोहमार्गावर लासलगाव स्थानकाजवळ चार ट्रॅकमन रुळाच्या दुरुस्तीचे काम करीत होते. विजेच्या तारांची देखभाल करणारी टॉवर वॅगन त्या मार्गावरून आली आणि चौघेही तिच्याखाली सापडून मृत्युमुखी पडले. ती वॅगन त्या मार्गावरील वाहतुकीच्या नेहमीच्या दिशेच्या उलट दिशेने आली, असे त्या वेळच्या बातम्यांत नमूद आहे. चौघांच्या सहकाऱ्यांचा उद्रेक झाला, त्यांनी रुळावर ठाण मांडले, काही गाड्या खोळंबल्या. दुपारपर्यंत वाहतूक सुरळीत झाली. वंदे भारतची वार्ता देशभर गेली. लासलगावची वार्ता जिल्ह्याच्या सीमेपलीकडे फार काळ टिकली नाही.

रेल्वेच्या सुरक्षेचा विचार आपण बहुधा प्रवासी म्हणून करतो. आपली गाडी रुळावरून घसरू नये, समोरून दुसरी गाडी येऊ नये, एवढी आपली अपेक्षा असते. ती योग्यच आहे. परंतु गाडी रुळावर राहते ती कोणामुळे, आणि तो माणूस स्वतः किती सुरक्षित आहे, हा प्रश्न त्या अपेक्षेच्या आधीचा आहे.

हे चौघे थंडीत, सूर्योदयापूर्वी रुळावर का होते? त्याचे उत्तर पोलादाच्या गुणधर्मात आहे. पूर्वी रुळांचे तुकडे फिशप्लेट आणि बोल्ट यांनी जोडलेले असत. दोन तुकड्यांत थोडी फट ठेवलेली असे आणि गाडीचा तो परिचित खडखडाट त्या फटींमुळे होत असे. आता शेकडो मीटर, क्वचित अनेक किलोमीटर लांबीचे रूळ वितळजोड करून अखंड बसवितात. प्रवास सुखाचा होतो, चाके आणि रूळ दोन्हींची झीज कमी होते. मात्र थंडीत पोलाद आकसू पाहते, आणि आकसायला जागा नसल्याने रुळाच्या अंगात प्रचंड ताण साठतो. एखाद्या जोडात केसाएवढा दोष असेल तर तो नेमका अशा रात्री उघडतो आणि रूळ तडकतो. उन्हाळ्यात याच्या उलट होते. पोलाद प्रसरण पावू पाहते आणि रूळ बाजूला वाकण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून हिवाळ्यात रात्रीची व पहाटेची गस्त असते, वैशाखात भर दुपारची.

लासलगाव ज्या तालुक्यात येते तो निफाड तालुका थंडीसाठी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. द्राक्षबागांत दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे दर हिवाळ्यात वृत्तपत्रांत येतात आणि बागाईतदार रात्री शेकोट्या पेटवून बागा राखतात. त्याच रात्री, त्या बागांच्या कडेने, रेल्वेची गस्त खांद्यावर हत्यारे आणि हातात कंदील वा विजेरी घेऊन चालत असते. द्राक्षाला थंडीचा दर किती पडला याची चर्चा आपल्या घरांत होते. रुळाला तो किती पडला, याची चर्चा करणारी माणसे निराळी.

त्यांतला एक म्हणजे की-मन. पाच-सहा किलोमीटरचा एक टापू त्याच्या स्वाधीन असतो आणि तो टापू त्याने रोज पायी तपासायचा. ढिली झालेली चावी हातोडीने बसवायची, निखळलेला बोल्ट आवळायचा, खडी सरकली आहे का ते पाहायचे. अनुभवी की-मनला हातोडीच्या आवाजावरून रुळाची तब्येत कळते, असे जुनी माणसे सांगतात. तडा दिसला तर त्याने काय करायचे, हे नियमाने ठरलेले आहे. तडा गेलेल्या ठिकाणी लाल निशाण लावायचे आणि ज्या दिशेने गाडी येणार त्या दिशेला धावत सुटायचे. ६०० मीटरवर रुळावर एक फटाका, म्हणजे डिटोनेटर, बांधायचा. मग पुढे धावत १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने आणखी तीन. इंजिन त्यावरून गेले की आवाज होतो आणि चालक गाडी थांबवितो. सव्वा किलोमीटर, खडीवरून, अंधारात, हत्यारे सांभाळीत! दूरसंचाराची साधने वाढली, मोबाइल आले, तरी अखेरची तटबंदी म्हणून हा नियम टिकून आहे. आपल्यापैकी कितीतरी जण आज हयात आहेत ते कोण्या अनाम की-मनच्या अशा धावण्यामुळे, आणि आपल्याला ते कधीच कळलेले नाही. झोपेत असताना गाडी अर्धा तास थांबली म्हणून आपण बहुधा रेल्वेला बोलच लावलेला असतो.

आता टॉवर वॅगनविषयी. ही प्रवासी गाडी नव्हे. विजेच्या तारांपर्यंत पोहोचण्यासाठी छतावर मचाण असलेले ते रेल्वेचेच देखभालीचे वाहन आहे. म्हणजे लासलगावला एका देखभालीने दुसऱ्या देखभालीचा बळी घेतला. रूळ हा अभियांत्रिकी विभागाचा, तारा विद्युत विभागाच्या, आणि कोणते वाहन कधी कोठे जाईल हे ठरविणारा परिचालन विभाग तिसरा. तिघे एकाच लोहमार्गावर काम करतात. रुळावर दीर्घ काम करायचे तर ‘ब्लॉक’ घ्यावा लागतो, म्हणजे ठरावीक वेळेपुरता तो मार्ग वाहतुकीसाठी बंद करून कामगारांच्या ताब्यात द्यायचा. मुंबईकरांना रविवारचा मेगाब्लॉक ठाऊक असतो आणि त्याविषयी कुरकुर करण्याची रीतही ठाऊक असते. परंतु एका विभागाची माणसे रुळावर आहेत, ही वार्ता दुसऱ्या विभागाच्या वाहनचालकापर्यंत खात्रीने पोहोचली पाहिजे. तोंडी निरोप, घाईत केलेला दूरध्वनी, ‘कळविले असेलच’ हे गृहीत, यांवर चार कुटुंबांचे भवितव्य टांगून ठेवता येत नाही.

रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांना प्रशिक्षण देणारी संस्था १९८८ पासून नाशिक रोडलाच आहे. विद्युत इंजिनांच्या मोटारी दुरुस्त करणारा कारखानाही येथे आहे. ज्ञान, कौशल्य आणि यंत्रसामग्री या नगरीत आहे. अपघातस्थळही येथून फार दूर नाही. उणीव ज्ञानाची नव्हती. विभागाविभागांतील भिंतींची होती. या भिंती पाडण्यासाठी केंद्र सरकारने २०१९ च्या डिसेंबरात आठ स्वतंत्र सेवांचे एकत्रीकरण करण्याचा निर्णय घेतला. पुढे अभियंत्यांच्या स्वतंत्र भरतीचा मार्ग पुन्हा खुला करावा लागला, यावरून हे दुखणे किती जुने आणि चिवट आहे ते दिसते. वरच्या पातळीवर सेवा एक झाल्या वा न झाल्या, तरी लासलगावसारख्या स्थानकावर पहाटे साडेपाचला तीन विभागांची माहिती एका वहीत, एका माणसापुढे येते का, हा खरा निकष आहे.

या प्रश्नाचे उत्तर परदेशात शोधण्याची गरज नाही. ते थळ घाटात आहे आणि शंभराहून अधिक वर्षे तेथे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि त्यानंतर बारा वर्षांनी, १८६५ मध्ये, थळ घाटाचा मार्ग खुला झाला. या घाटात ३७ फूट पुढे जाताना रूळ एक फूट चढतो. चढापेक्षा उतार अधिक भयंकर. ब्रेक निकामी झाले तर गाडी कोठे थांबेल याचा नेम नाही. म्हणून उतारावर ‘कॅच सायडिंग’ची योजना आहे. मुख्य मार्गातून एक फाटा डोंगराच्या बाजूस चढत जातो. बेफाम सुटलेली गाडी त्यात शिरली की चढावर तिचा वेग मरतो. या योजनेतील मर्म असे की, सांधा नेहमीसाठी या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी पूर्णपणे ताब्यात आहे याची खात्री पटल्यावरच तो मुख्य मार्गाकडे वळविला जातो. गाडी सुरक्षित आहे असे येथे गृहीत धरलेले नाही. ती असुरक्षित आहे असे मानून प्रारंभ करायचा आणि खात्री पटली तरच पुढे जाऊ द्यायचे.

घाटातील हाच नियम रुळावरच्या माणसाला का लागू नसावा? आज व्यवहारात मार्ग मोकळा आहे असे धरले जाते, आणि तेथे माणसे असतील तर ती सांगण्याचे दायित्व माणसांवर येते. उलट, मार्गावर माणसे आहेत असेच धरावे आणि ती बाजूला झाल्याची लेखी, वेळ नोंदविलेली खात्री मिळाल्याखेरीज देखभालीचे कोणतेही वाहन स्थानकाबाहेर सोडू नये. विशेषतः ते उलट दिशेने जाणार असेल तर मुळीच नाही. कारण रुळावर काम करणारा माणूस सवयीने गाडी येण्याच्या दिशेकडे लक्ष ठेवून असतो. त्याची पाठ ज्या बाजूला असते त्या बाजूने मृत्यू आला, तर त्याच्या सावधपणाचा उपयोग काय? गाडी जवळ आल्याची सूचना देणारे ‘रक्षक’ नावाचे बिनतारी उपकरण रेल्वेने काही मार्गांवर ट्रॅकमनच्या हाती दिले आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. ते प्रत्येक गँगच्या कमरेला लागेपर्यंत कामाला आलेली शिथिलता मात्र सहन होण्याजोगी नाही.

एकूण चित्र निराशेचे आहे असे मात्र कोणी समजू नये. रेल्वेच्या नोंदीनुसार २०००-०१ मध्ये गंभीर परिणाम घडविणारे ४७३ रेल्वे अपघात झाले होते. २०१४-१५ मध्ये ही संख्या १३५ होती, २०२३-२४ मध्ये ४० आणि २०२४-२५ मध्ये ३१. गाड्या वाढल्या, वेग वाढला आणि अपघात घटले. हे आपोआप घडलेले नाही. अटलजींच्या सरकारने २००१ मध्ये १७,००० कोटी रुपयांचा विशेष रेल्वे सुरक्षा निधी उभारून जुने रूळ, पूल आणि सिग्नल बदलण्याचे काम हाती घेतले. कोकणचे सुपुत्र सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना २०१७-१८ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांसाठी एक लाख कोटी रुपयांच्या राष्ट्रीय रेल संरक्षा कोशाची घोषणा झाली. ब्रॉडगेज मार्गांवरील मानवरहित फाटके जानेवारी २०१९ अखेर संपुष्टात आली. विदर्भातील वाचकांना ३ फेब्रुवारी २००५ चा कन्हानजवळचा अपघात विसरता येणार नाही. लग्नाच्या वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली मानवरहित फाटकावर गाडीखाली सापडली आणि पन्नासहून अधिक जीव गेले. तशा बातम्या आता वाचाव्या लागत नाहीत.

आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण पाहा. ३ एप्रिल २०२२ रोजी दुपारी लोकमान्य टिळक टर्मिनसहून जयनगरकडे निघालेल्या पवन एक्स्प्रेसचे दहा-अकरा डबे लहवित आणि देवळाली यांच्या दरम्यान रुळावरून घसरले. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भगूरपासून हे ठिकाण अगदी जवळ. इतके डबे घसरूनही गाडीतील प्रवासी बचावले. याचे मोठे श्रेय नव्या बनावटीच्या एलएचबी डब्यांना आहे. जुने डबे धडकेनंतर एकमेकांवर चढत आणि आतली माणसे चिरडली जात. नव्या डब्यांची जोडणी अशी आहे की ते सहसा एकमेकांवर चढत नाहीत. २०१८ पासून जुन्या पद्धतीचे डबे बनविणेच थांबविण्यात आले आहे. त्या अपघातानंतर रुळाजवळ एक मृतदेह मात्र आढळला. तो गाडीतील प्रवाशाचा नसल्याचे रेल्वेने स्पष्ट केले. येथेही डब्यातील माणूस वाचला आणि रुळालगतचा गेला.

स्वदेशी ‘कवच’ प्रणालीविषयी आपण अभिमानाने बोलतो. तिचे बीज महाराष्ट्राच्या भूमीशी निगडित आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. १९९९ मध्ये गैसल येथे दोन गाड्यांची समोरासमोर भीषण टक्कर झाल्यानंतर कोकण रेल्वेचे बी. राजाराम यांनी टक्करविरोधी यंत्रणा विकसित केली. त्या जाळ्याचे नावच ‘रक्षा कवच’ असे होते. तिच्यात उणिवा होत्या, ती सर्वत्र बसली नाही. परंतु असे यंत्र येथे घडू शकते, हा विश्वास तिने दिला. आजची ‘कवच’ प्रणाली लखनौच्या आरडीएसओने भारतीय कंपन्यांच्या साहाय्याने निराळ्या तंत्रावर उभी केली. २०२० मध्ये ती राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारली गेली आणि जुलै २०२४ मध्ये तिच्या चौथ्या आवृत्तीस मान्यता मिळाली. चालकाने लाल सिग्नल ओलांडला वा वेगमर्यादा मोडली तर ती स्वतः ब्रेक लावते. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार येथे २९० हून अधिक माणसे गेल्यानंतर ‘कवच कोठे होते’ असा प्रश्न विचारला गेला. पहिल्या दोन दिवसांत घातपाताचीही चर्चा रंगली. चौकशीत निघाले ते सिग्नलच्या तारांची चुकीची जोडणी. घातपाताचे प्रयत्न होतातच. ८ सप्टेंबर २०२४ रोजी कानपूरजवळ कालिंदी एक्स्प्रेसच्या मार्गात गॅसचे सिलिंडर ठेवण्यात आले होते, आणि अशा प्रवृत्तींचा बंदोबस्त कठोरपणेच झाला पाहिजे. परंतु प्रत्येक अपघातामागे शत्रूचा हात पाहण्याची सवय लागली, की आपल्या घरातली ढिली तार पाहण्याची दृष्टी जाते.

आणि कवच पूर्ण देशात बसले तरी त्याला गाडी दिसते, सिग्नल दिसतो. रुळावर वाकून बोल्ट आवळणारा माणूस दिसत नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला, तो या दृष्टीने आजही मनन करण्याजोगा आहे. अणुशास्त्रज्ञाने रेल्वेकडे पाहिले आणि त्याला प्रथम माणूस दिसला. समितीने नोंदविले की, २००७ पासूनच्या सुमारे चार वर्षांत सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी कर्तव्य बजावताना मृत्युमुखी पडले. रूळ ओलांडताना देशात दरवर्षी सुमारे १५,००० माणसे मरतात आणि त्यांतील सुमारे ६००० एकट्या मुंबईत, असेही समितीने सांगितले आणि या मृत्यूंसाठी हत्याकांड हाच शब्द वापरला. ३१ हा आकडा अभिमानाने सांगताना ही माणसे त्या यादीत सहसा मोजली जात नाहीत, याचे भान असावे.

समितीने १०६ शिफारशी केल्या. पाच वर्षांत एक लाख कोटी खर्चाची योजना सांगितली. रेल्वे मंडळाच्या कक्षेबाहेर स्वतंत्र वैधानिक सुरक्षा प्राधिकरण असावे, असे सुचविले. कारण जो गाड्या चालवितो त्यानेच स्वतःची परीक्षा घेऊ नये. हे प्राधिकरण अस्तित्वात आलेले नाही. पैशाचे काय झाले? समितीच्या अहवालानंतर महिन्याभरात, १४ मार्च २०१२ रोजी, रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदी यांनी सुरक्षेचे कारण सांगून भाडेवाढ सुचविली आणि चारच दिवसांत त्यांच्याच पक्षाने त्यांचे मंत्रिपद घालविले. त्या काळच्या आघाडीच्या राजकारणावर टीका करणे सोपे आहे. पण भाडे वाढू नये आणि गाडी मात्र निर्धोक असावी, ही आपल्या मध्यमवर्गीय घरांतलीही इच्छा होती, हे विसरता येणार नाही. नंतरच्या काळाचेही परीक्षण झाले आहे. महालेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये रुळावरून गाड्या घसरण्याच्या घटनांविषयी संसदेत अहवाल सादर केला. रुळांच्या तपासणीत मोठी तूट होती आणि संरक्षा कोशातील काही रक्कम अग्रक्रमाच्या कामांऐवजी अन्यत्र, अगदी पाय चोळण्याची यंत्रे आणि चिनी मातीची भांडी यांवरही खर्च झाली, असे त्यात म्हटले आहे. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून हा अहवाल कपाटात ठेवण्याचे कारण नाही. उलट आपले आहे म्हणून तो अधिक आग्रहाने पुढे ठेवता येतो. दत्तोपंत ठेंगडी यांनी उभा केलेला भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रमदिन मानतो. की-मन हा त्या विश्वकर्म्याचाच वंशज. त्याच्या रिक्त जागा, त्याच्या ब्लॉकची वेळ आणि त्याच्या कमरेचे उपकरण, यांविषयी सर्वांत मोठा आवाज याच बाजूने उठला पाहिजे.

आता दुसरी बाजू, म्हणजे समाजाची. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ लखनौहून मुंबईला येणारी पुष्पक एक्स्प्रेस साखळी ओढल्यामुळे थांबली. गाडीला आग लागल्याची आवई उठली होती. आग नव्हती. घाबरलेली माणसे डब्यांतून उतरली आणि शेजारच्या रुळांवर गेली. त्या रुळांवरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ जणांचा मृत्यू झाला. थांबलेल्या इंजिनावरचा झगझगता दिवा लावलेला होता आणि समोरच्या चालकाने ब्रेकही लावला, परंतु तेथे वळण होते, असे रेल्वेने सांगितले. वेगातली गाडी थांबायला किलोमीटरभर अंतर लागते. घाटात, नियमांत, यंत्रांत कितीही शहाणपण ओतले तरी कोणत्या बाजूच्या दाराने उतरायचे हे प्रवाशाला कोणी शिकवलेले नसेल, तर काय होते ते पाचोऱ्याला दिसले. शेजारी दुसरा मार्ग असेल त्या बाजूला कधीही उतरू नये. ही एवढी गोष्ट शाळेत, शाखेत, घरात सांगायला कोणताही निधी लागत नाही.

आवईचे बळी हा विषय नाशिकच्या दृष्टीने येत्या सिंहस्थामुळे विशेष महत्त्वाचा ठरतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. फूल पडल्याचे कोणी ओरडले आणि ते पूल पडल्याचे ऐकू आले, असेही पुढे सांगण्यात आले. १० फेब्रुवारी २०१३ रोजी, कुंभकाळात, अलाहाबाद स्थानकावर ३६ जण गेले. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्ली स्थानकावर प्रयागराजकडे निघालेल्या गर्दीत १८ जण गेले. सारख्या नावांच्या दोन गाड्यांच्या उद्घोषणेने गोंधळ उडाल्याचे पोलिसांनी सांगितले. आणि २७ ऑगस्ट २००३ चे दुःख तर नाशिकचे स्वतःचेच. त्या पर्वणीला रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक दगावले. २०१५ चा सिंहस्थ निर्विघ्न पार पडला, तो केवळ दैवाने नव्हे. गर्दी आधी अडविली, वाटा येण्याच्या व जाण्याच्या वेगळ्या केल्या, आणि हजारो हात सेवेला उभे राहिले.

आता २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मुख्य पर्वणी आहेत. नाशिक रोड, देवळाली, ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे या स्थानकांवर भार वाटण्याची योजना रेल्वेने आखली आहे. ती उचित आहे, कारण एकट्या नाशिक रोडच्या पुलांना आणि जिन्यांना तो भार पेलणार नाही. स्थानकावर सेवेला उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्याने पाणी वाटण्यापूर्वी काही गोष्टी शिकून घ्याव्यात. गाडीचे नाव न सांगता क्रमांक आणि फलाट सांगायचा. फलाट अखेरच्या क्षणी बदलला तर गर्दीला जिन्याकडे धावू द्यायचे नाही, आधी जिन्याच्या तोंडाशी माणसांची साखळी धरायची. आवई ऐकली तर ती पुढे सांगायची नाही, स्थानक अधीक्षकाकडे जायचे. मराठीबरोबर हिंदी, तेलुगू, कन्नड बोलणारा एक तरी माणूस प्रत्येक तुकडीत असावा. भोसलासारख्या संस्थांतील तरुणांना हे प्रशिक्षण चार दिवसांत देता येईल. एप्रिल २०२१ मध्ये वांगणी स्थानकात रुळावर पडलेल्या बालकासाठी समोरून येणाऱ्या गाडीकडे धावत गेलेला पॉइंट्समन सर्वांनी चित्रफितीत पाहिला. त्या तरुणाने मिळालेल्या बक्षिसातील अर्धी रक्कम त्याच बालकाच्या अंध मातेला दिली. अशी माणसे रेल्वेत पुष्कळ आहेत. गर्दीच्या दिवशी त्यांच्या शब्दाला मान मिळतो की नाही, हे सेवेला उभ्या राहणाऱ्यांवर अवलंबून राहील.

एक गोष्ट नियोजनाच्या बैठकांत बहुधा राहून जाते. सिंहस्थासाठी विशेष गाड्या सोडल्या की त्याच दोन रुळांवर अधिक चाके फिरतात, देखभालीच्या ब्लॉकची वेळ कापली जाते, आणि की-मनने तेच काम कमी वेळात, दोन गाड्यांच्या फटीत उरकायचे असते. जळगाव-मनमाड चौथ्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली आहे. परंतु पर्वणीचा भार मुख्यतः आहे त्याच मार्गावर पडणार. पर्वणी पावसाळ्यात आहेत. थळ घाटात त्या दिवसांत दरडी कोसळतात, खडी वाहून जाते आणि पावसाळी गस्त रात्रभर चालू असते. तेव्हा गाड्यांचे वेळापत्रक ठरविताना ब्लॉकचे वेळापत्रक त्याच कागदावर, त्याच्या शेजारच्या रकान्यात छापले जावे आणि ते अखेरच्या दिवसांत कोणी खोडू नये. लोकप्रतिनिधींनी, प्रवासी संघटनांनी आणि कामगार संघटनांनी रेल्वे प्रशासनाकडे मागावयाची ही साधी गोष्ट आहे. त्या कागदावर लासलगावच्या पहाटेच्या पाळीची वेळही असली पाहिजे, आणि त्या वेळेत टॉवर वॅगन सोडण्यापूर्वी कोणाची सही लागेल, तेही.